ठ चपटा का येतोय?

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीत डिजिटल सुलेखन शिकायचं म्हणून 6 बाय 4 इंचाचा ड्रॉइंग टॅबलेट घेतला, विंडोजच्या लॅपटॉपला जोडला, ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला. पेन चालतं, पण क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये माझा ठ गोल येतच नाही, आडवा चपटा होतो. दाब दिला तरी रेघ एकाच जाडीची येते. आणि पेन एका जागी जरा थांबलं की भोवती एक रिंग दिसते. इतकी वर्षं फळ्यावर हाताने गोल काढतेय, आता हातच बिघडला का असं वाटतंय. (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : ताई, हात अजिबात बिघडलेला नाही, हे आधी मनातून काढून टाका. ड्रायव्हर टाकल्यावर तो टॅबलेटचा सगळा भाग सगळ्या स्क्रीनवर ताणून बसवतो. तुमचा टॅबलेट 6 बाय 4, आणि लॅपटॉपची स्क्रीन बहुतेक 1920 बाय 1080 असेल, म्हणजे आडवं एक इंच हात हलला की स्क्रीनवर 320 पिक्सेल सरकतात आणि उभं एक इंच हलला की फक्त 270, मग ठ चपटा नाही होणार तर काय होणार! ड्रायव्हरच्या मॅपिंगमध्ये, म्हणजे टॅबलेटचा कुठला भाग स्क्रीनवर कुठे बसवायचा त्या सेटिंगमध्ये, जाऊन प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असेल तर टिक करा, नसेल तर टॅबलेटची उंची 4 च्या जागी 3.375 इंच टाका. खालची अर्ध्या इंचाहून थोडी जास्त पट्टी वाया जाते, जाऊ दे, तिचा मोह धरू नका. दुसरं काहीही करण्याआधी हे करा, कारण चुकीच्या प्रमाणावर महिनाभर सराव झाला की हाताला तीच सवय लागते आणि मग कागदावरचा ठ उभट यायला लागतो.

दाबाचं असं आहे की पेनाची माहिती प्रोग्रामपर्यंत जायला विंडोजमध्ये दोन रस्ते आहेत, एक जुना विनटॅब आणि दुसरा विंडोज इंक. ड्रायव्हर एका रस्त्याने पाठवतोय आणि क्रिता दुसऱ्यावर वाट बघतंय असं झालं की पेन माउससारखं चालतं पण दाब गायब. क्रिताच्या सेटिंग्जमध्ये कॉन्फिगर क्रिता, त्यात टॅबलेट सेटिंग्ज, तिथे विनटॅब किंवा विंडोज 8+ पॉइंटर इनपुट निवडता येतं. दुसरा निवडलात तर ड्रायव्हरमध्येही विंडोज इंकची टिक हवी. बदलल्यावर क्रिता बंद करून परत उघडा. आधी दुसऱ्या कुठल्या टॅबलेटचा ड्रायव्हर टाकला असेल तर तो काढून मशीन रीस्टार्ट करा, दोन ड्रायव्हर एकत्र नीट नांदत नाहीत.

दाबाची वक्ररेषा, म्हणजे किती दाबलं की किती परिणाम हे ठरवणारी रेघ, ड्रायव्हरमध्येही असते आणि क्रितामध्येही, पण एकाच ठिकाणी बदला, दोन्हीकडे हात घातला तर काय कशामुळे होतंय तेच कळेनासं होतं. आणि सुलेखनासाठी सांगते, बोरूची जाड-बारीक रेघ दाबाने येत नाही, टोकाच्या तिरक्या कापाने येते. त्यामुळे चपट्या टोकाचा ब्रश घेऊन त्याचा कोन पक्का करा, दाबाने जाडी बदलणं बंदच ठेवलात तरी चालेल, अक्षर जास्त खरं येईल.

रिंग म्हणजे विंडोजचं राइट क्लिक, पेन एका जागी थांबलं की विंडोज तसं समजतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पेन अँड टच उघडा, प्रेस अँड होल्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वरची टिक काढा.

प्रश्न : मुलगा डावखुरा आहे, टॅबलेटची बटणं नेमकी त्याच्या मनगटाखाली येतात. वेगळा टॅबलेट घ्यावा लागेल का?

उत्तर : नको नको, खर्च करू नका. टॅबलेट उलटा फिरवून ठेवा आणि ड्रायव्हरमध्ये डावखुरा किंवा 180 अंश हा पर्याय निवडा, बटणं दुसऱ्या बाजूला जातील. नुसता टॅबलेट फिरवून ड्रायव्हर तसाच ठेवला तर मात्र पेन वर नेलं की कर्सर खाली पळेल.