डोंगराला आग लागली, हा खेळ घेऊ नको

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर द्यायची गोष्ट नाही म्हणून सकाळी निवांत लिहायला बसलोय. पूरग्रस्त पोरांबरोबर काम करायला शिरोळ तालुक्यात चाललीस हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस की पोरांना पुराबद्दल बोलतं कसं करायचं. बोलतं करायला जाऊच नको, आधी खेळायला घे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि २००५ च्या पुरात पाणी इथवर आलं नव्हतं म्हणून घरातच थांबलेल्या कितीतरी लोकांना शेवटी बोटीतनं काढावं लागलं. त्यातलीच पोरं आमच्या निवारा केंद्रात होती. पहिल्याच दिवशी मी गोल करून "डोंगराला आग लागली, पळा पळा" घेतलं, नेहमीचाच खेळ, मनात दुसरं काही आलंच नाही. दुसरीतली एक मुलगी पळाली ती थांबलीच नाही, सरळ वर्गात गेली, धाकट्या भावाला काखोटीला मारलं आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली. अर्धा तास मी खालच्या पायरीवर बसून होतो, तिनं त्याचा हात सोडला नाही. चूक माझी होती. तेव्हापासून पळा-पळा नाही, नदी की पहाड नाही, शिट्टीसुद्धा नाही, टाळी वाजवून बोलावतो.

लंगडी घे, लगोरी घे, दोरीवरच्या उड्या घे, पण रोज एकाच वेळेला, साडेचार म्हणजे साडेचार. ज्याचं घर गेलं, दप्तर गेलं, गोठ्यातली म्हैस गेली, त्याला उद्या साडेचारला काय होणार एवढं तरी पक्कं माहीत पाहिजे. आणि बघ, धावल्यावर छाती धडधडते, दम लागतो, भीती वाटली की पण तेच होतं ना, फक्त खेळात ती धडधड थोड्या वेळात आपोआप खाली येते आणि हे अंगाला रोज कळत जातं. म्हणून शेवटची दहा मिनिटं खाली बसव, श्वास सावकाश सोडायला लाव, घाई करू नको. दमलेली पोरं रात्री झोपतात पण बरी, आया स्वतः येऊन सांगायच्या.

नंबर काढू नको, बक्षीस नको. जो खेळत नाही त्याला ओढू नको, दोरीचं टोक धरायला दे. ती मुलगी सहाव्या दिवशी लंगडीत आली, भावाला रेषेबाहेर माझ्याजवळ बसवून. पुराचं आपणहून कुणी काढलं तर ऐक, मध्ये प्रश्न विचारू नको.

मैदान आधी स्वतः चालून बघ, पुराच्या गाळात काचा, खिळे असतात, आणि पायाला जखम असलेल्या पोराला चिखलात अजिबात सोडू नको, लेप्टो, म्हणजे घाण पाण्या-चिखलातनं जखमेवाटे अंगात शिरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ शकतो. महिना उलटला तरी एखादं झोपत नसेल, बोलायचं बंद झालं असेल, तर ते खेळानं भागणारं नाही, डॉक्टरांना दाखवायला सांग, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आईबापांना लिहून दे, तो फुकट आहे.

चुना आणि जाड दोरी इथनंच घेऊन जा, तिथं दुकानं बंद असतील. पोचलीस की फोन कर, रात्री नऊनंतर.

तुझे सर