मपलीच तपासणी कामून?

गरोदर बायांच्या तोंडून हा प्रश्न मी आमच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, बसून सारखा ऐकते. एकीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

दसऱ्याच्या आधीचे दिवस, बीड जिल्हा. मुकादमाकडून उचल घेतलेली, आठवड्यात ऊसतोडीला टोळी निघणार. बाईला चौथा महिना, सोबत सासू. हिमोग्लोबिन, साखर, सगळ्याला मुकाट्यानं हात पुढे केला. एचआयव्हीचं नाव काढताच कार्ड पदराखाली गेलं. "मपलीच कामून? म्या काय तसली हाय का?"

बाहेर रांग. मी सवयीनं म्हणून गेले, "सगळ्यांचीच करतात बाई, कर सही." खोटं नव्हतं, पण हे तिला उत्तर नव्हतं, नुसतं उरकणं होतं. आशाताईला खुणावलं, तिनं सासूला बीपी बघायला नेलं.

दार लोटल्यावर कळलं, भीती आजाराची नव्हतीच. त्यांच्या वस्तीत एकीचा रिपोर्ट फुटला आणि हापशावर तिच्या घागरीला कुणी घागर लागू देईना.

म्हटलं, नको असेल तर नको म्हण. 2017 चा कायदाच आहे, तुझ्या संमतीशिवाय तपासणी नाही. नाही म्हणालीस म्हणून बाकीचे उपचार थांबत नाहीत. रिपोर्ट सासूला, आशाताईला, गावात कुणाला सांगणार नाही. दोष निघालाच तर नवऱ्याला कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

"अन् निघालाच तर?"

उपचार नसले तर अशा शंभर बाळांतल्या 15 ते 45 जणांना आईकडून लागण होते. आईनं रोज गोळी घेतली, बाळाला जन्मल्यापासून निदान 6 आठवडे औषध पाजलं, तर पाचाच्या आत. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, शंभरातले पाच. ती महिने मोजत होती. बाळंतपण फडावर येणार होतं.

"फडावर गोळी कुठून आणू?"

इतक्या वर्षांत इतका कामाचा प्रश्न मला कमी जणींनी विचारलाय. कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, नोंद हलवून घेता येते, चिठ्ठी आम्ही देतो, औषध फुकट. मग तिनं सही केली. सावकाश, आडनावासकट.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण तेवढ्यानं भागत नाही. लागण ताजी असेल तर ती तपासणीत लगेच दिसत नाही, तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. आणि नवऱ्याला असेल तर गरोदरपणातही तिला होऊ शकते. म्हणून नवऱ्याला बोलवायचं का, असं तिला विचारलं. तीच उठून गेली. लिंबाखाली मोबाइल बघत बसलेला नवरा आत आला, कागद बघून चमकला. "मपली कामून?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "समद्यायचीच करत्यात. करा सही."