वर्डमध्ये मराठी पत्रं आणि अर्ज करताना वेळ कसा वाचवावा?

तुम्ही लिहिलंय की गावच्या मंडळाचे नवे सचिव झाला आहात, शिमग्याआधी आणि गणपतीआधी मुंबईकरांना नव्वदेक पत्रं पाठवायची असतात आणि दरवेळी अख्खा रविवार वर्डसमोर जातो. माझं दापोलीत टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, संमतीपत्रं, ग्रामसभेची इतिवृत्तं, पूजेच्या पत्रिका हे रोजचं काम. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं आणि त्याची एसटी सुटायची असते, म्हणून या गोष्टी मला शिकाव्याच लागल्या.

आधी हे सांगतो की तुमचा रविवार टायपिंगमध्ये जात नाही. मजकूर तर तुम्ही एकदाच टाइप करता. वेळ खातं ते पुढचं काम : नाव खोडा, दुसरं घाला, छापा, पुन्हा खोडा. यावर उपाय मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावं एकाच पत्रात आपोआप भरणारी वर्डची सोय. नाव ऐकून लोक बिचकतात, पण काम सोपं आहे. एक्सेलमध्ये यादी करा. पहिल्या ओळीत फक्त मथळे : संबोधन, नाव, वाडी, पत्ता, वर्गणी. खाली एका माणसाला एक ओळ, मध्ये रिकामी ओळ नको. फाइल सेव्ह करून बंद करा. मग वर्डमध्ये पत्र उघडा, वरच्या मेलिंग्ज टॅबवर जा, स्टार्ट मेल मर्जमध्ये लेटर्स निवडा आणि सिलेक्ट रेसिपियंट्समधून ती यादी जोडा. पत्रात जिथे नाव यायचं तिथे कर्सर ठेवून इन्सर्ट मर्ज फील्डमधून ‘नाव’ घाला, वर्गणीच्या जागी ‘वर्गणी’. प्रिव्ह्यू रिझल्ट्स दाबलंत की एकेक पत्र डोळ्यांसमोर फिरतं. शेवटी फिनिश अँड मर्ज. तिथे थेट छपाईला पाठवू नका, ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ घ्या. नव्वद पत्रांची एक फाइल तयार होते, ती एकदा वरून खाली बघा आणि मगच कागद घाला.

संबोधनाचा रकाना मुद्दाम सांगितला. श्री., श्रीमती, कु. हे पत्रात ठोकून बसवलं, तर गावातल्या काकूंना ‘श्री.’ म्हणून पत्र जातं आणि मग पुढच्या सभेत पत्रातला विषय राहतो बाजूला.

यात मी एकदा चांगलाच फसलोय. सामायिक जमिनीचं प्रकरण होतं, अडतीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. सगळ्यांना पत्रं काढायची होती आणि प्रत्येकाचं क्षेत्र हेक्टरमध्ये यादीत होतं. यादीत स्वच्छ ०.१ लिहिलेलं, पण पत्रात आलं तेव्हा त्या एकामागे शून्यांची रांग आणि टोकाला आणखी एक १. आकडा आतून जसा साठवलेला असतो तसाच वर्ड कधीकधी उचलतं, एक्सेलमध्ये दिसतो तसा नाही. तारखांचंही तसंच, महिना आधी आणि दिवस नंतर येतो. म्हणून आकड्यांचा आणि तारखांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या आणि मग त्यात आकडे भरा. आधीच भरले असतील तर पुन्हा भरावे लागतात, नुसता रकाना बदलून भागत नाही. त्या यादीत तिघे कैलासवासी होते, हे मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला कळलं नसतं. सातबाऱ्यावरून नावं उतरवलीत तर आधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला वाचून दाखवा.

दुसरी मोठी बचत ऑटोकरेक्टची. इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त करायला दिलेली सोय आपण लघुलिपीसारखी वापरायची. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं गेलं की दोन खिडक्या दिसतात. डावीकडे ‘ममम’, उजवीकडे मंडळाचं पूर्ण नाव आणि रजिस्टर नंबर. पुढे कुठेही ‘ममम’ लिहून स्पेस दिली की पूर्ण ओळ उमटते. खूण मात्र निरर्थकच ठेवा. मी सुरुवातीला शहाणपणा करून ‘ता’चं ‘तालुका’ केलं होतं. दोन दिवसांनी एका पत्रिकेत ‘ता. ५ मे’ टाइप केलं आणि कागदावर आलं ‘तालुका. ५ मे’. गिऱ्हाईक सज्जन होतं, हसून परत आलं. असं झालं तर लगेच कंट्रोल झेड दाबा, लिहिलेला शब्द परत येतो. मोठा परिच्छेद असेल, उदाहरणार्थ प्रतिज्ञापत्राचा शेवटचा ठरलेला मजकूर, तर तो सिलेक्ट करून ऑल्ट एफ३ दाबा आणि नाव द्या. पुढे ते नाव लिहून एफ३ दाबलं की परिच्छेद हजर.

मागच्या वर्षीचं पत्र उघडून त्यातच बदल करायची सवय मात्र सोडा. पहिल्या परिच्छेदातलं नाव बदललं जातं, शेवटच्यातलं राहतं. एकदा माझ्या हातून एकाच्या अर्जात दुसऱ्याच्या घराचा नंबर गेला होता, तेव्हापासून कोरा नमुना ‘वर्ड टेम्प्लेट’ म्हणून सेव्ह करतो. त्यावर डबल क्लिक केलं की दरवेळी नवी फाइल उघडते, मूळ नमुन्याला धक्का लागत नाही.

आता मराठीचीच एक खोड. तुम्ही मजकुराचा आकार १४ करता आणि काही ओळी १२च राहतात, असं होतं ना? वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ धरतं आणि तिचा फाँट आणि आकार इंग्रजीहून वेगळा ठेवतं. कंट्रोल डी दाबा, त्या चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा भाग दिसेल. तिथे एकदा मंगल किंवा निर्मला आणि हवा तो आकार घालून ‘सेट अ‍ॅज डीफॉल्ट’ करून टाका. नव्या फाइलींपुरता हा त्रास संपतो. हे मला कुणी शिकवलं नाही, कित्येक महिने मी ओळ ओळ सिलेक्ट करत बसायचो.

मजकूर खाली ढकलायला एंटर आणि बाजूला सरकवायला स्पेसबार, हे सोडा. नवं पान हवं तर कंट्रोल एंटर. सहीची जागा उजवीकडे हवी तर टॅब लावा. कुणाकडून आलेल्या फाइलीत एंटरचा पाऊस पडलेला असेल, तर कंट्रोल एच. ‘फाइंड’मध्ये ^पी^पी आणि ‘रिप्लेस’मध्ये ^पी, यातला ‘पी’ इंग्रजी लहान लिपीतला. ‘रिप्लेस ऑल’ दोन-तीनदा दाबलंत की रिकाम्या ओळी गेल्या. दोन स्पेसच्या जागी एक, हेही तसंच. कृषी विद्यापीठाचं गाव असल्यामुळे मुलं प्रबंध घेऊन येतात, तेव्हा मथळ्यांना हेडिंग स्टाइल लावली आहे का ते आधी बघतो. लावली असेल तर अनुक्रमणिका आपोआप होते. नसेल तर सांगतो, उद्या या.

जुन्या फाइली श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये असतील तर पुन्हा टाइप करू नका. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या मराठीत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं तेवढी नजरेखालून घाला, गडबड बहुतेक तिथेच होते. लांब मजकूर असेल तर गुगल डॉक्सला मराठीत बोलून लिहिता येतं. पण पावसाळ्यात पत्र्याखाली बसून बोलू नका, अर्धं त्याला ऐकूच येत नाही. मी ते फक्त इतिवृत्ताच्या कच्च्या मसुद्यासाठी वापरतो.

आणि वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, पण एरवीही मृगाच्या पहिल्या सरीला ती जातेच. ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये ऑटोरिकव्हर, म्हणजे काम मधूनमधून आपोआप जपून ठेवणारी सोय, दहा मिनिटांवर असतं, ते दोन मिनिटांवर आणा. पेनड्राइव्हवरून थेट फाइल उघडून काम करू नका. आधी डेस्कटॉपवर उतरवा, काम झाल्यावर परत टाका. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्याने आलेल्या निम्म्या लोकांनी पेनड्राइव्ह मध्येच उपसलेला असतो. छपाईला बाहेर देणार असाल तर पीडीएफ करून द्या, म्हणजे समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत.

शिमग्याला वेळ असेल तर आज फक्त ती एक्सेलची यादी करायला घ्या. पिनकोडचा रकाना विसरू नका.