‘मॅडम, सॅम्पलच मिळत नाहीये’

वाचा-भाषा आणि श्रवणशास्त्रात मास्टर्स करणारे विद्यार्थी डिझर्टेशनच्या (पदवीसाठीच्या संशोधन-प्रबंधाच्या) अडचणी घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची सुरुवात याच वाक्याने होते. क्लिनिकच्या पोस्टिंग्ज चालू असतात, डिझर्टेशन जमा करायची तारीख जवळ येत असते आणि नेमके हवे तसे रुग्ण ओपीडीत येईनासे होतात. ही तक्रार खोटी नसते. पण कधी कधी तिच्याआड आणखी काहीतरी असतं. सायलीच्या बाबतीत तसंच होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची संमती आहे.)

सायलीचा विषय मला पहिल्या भेटीतच आवडला. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आल्यावर काहींना ब्रोका प्रकारचा अफेजिया होतो. समोरच्याचं बोलणं त्या मानाने कळतं, पण स्वतःचं बोलणं तुटक होतं. शब्द येतात, त्यांना जोडणारं व्याकरण गळतं. मराठीत ‘मुलगी आंबा खाते’ म्हणताना क्रियापद मुलीप्रमाणे चालतं आणि ‘मुलीने आंबा खाल्ला’ म्हणताना आंब्याप्रमाणे. मग अशा रुग्णांच्या चुका वर्तमानकाळात जास्त होतात की भूतकाळात? इंग्रजीत क्रियापद असं कर्माप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे तिकडच्या अभ्यासांतून याचं उत्तर उचलता येत नाही. ते मराठी बोलणाऱ्या माणसांकडूनच मिळवावं लागतं. म्हणून तिचं काम अर्ध्यावर सुटू नये असं मला मनापासून वाटत होतं.

सिनॉप्सिसमधल्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातल्या, तिच्या अटी अशा होत्या: पहिलाच झटका, फक्त डाव्या बाजूला, सहा महिने उलटलेले, उजव्या हाताने काम करणारी व्यक्ती, ऐकू नीट येणारं, आणि फक्त मराठी बोलणारी. असे तीस जण हवे होते, तेही मुंबईत. ज्या शहरात भाजीवाल्याशी हिंदीत आणि बँकेत निम्म्या इंग्रजीत बोललं जातं, तिथे ती शेवटची अट बघूनच मी थबकले.

तरी संख्येचं काय करायचं ते मी लगेच काढलं नाही. आधी तिची संपर्काची वही आणायला सांगितली. वही नीटनेटकी होती, पण एका तारखेनंतर एकही फोन नव्हता. खाली आठ-दहा नावं न विचारलेलीच राहिली होती. सॅम्पल संपलं नव्हतं, तिनेच विचारणं थांबवलं होतं. मी एवढंच म्हटलं, “या दिवशी काय झालं ते सांगशील?”

ती बराच वेळ रडली. त्या दिवशी तिने एका काकांचं रेकॉर्डिंग केलं होतं. चित्र बघून वाक्य सांगायचं होतं. काका घामाघूम होईपर्यंत प्रयत्न करत राहिले. शेवटी काकूंनी तिचा हात धरून विचारलं, “ताई, हे सगळं झालं की बोलायला लागतील ना हे?” सायली काहीतरी पुटपुटली आणि निघून आली. “मॅडम, त्यांना वाटलं मी उपचार करतेय. मी तर माझ्या डिग्रीसाठी त्यांना दमवलं.”

थेरपी शिकणाऱ्या मुलांची ही ओढाताण मी खूपदा पाहिली आहे. त्यांना सगळं शिक्षण मदत करायचं मिळालेलं असतं, आणि संशोधनात अचानक समोरच्याकडून मागावं लागतं. ज्याला हे टोचतं तो संशोधनाला नालायक आहे असं मला अजिबात वाटत नाही. उलट, ज्याला टोचत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. पण त्या टोचणीचं कामात रूपांतर करावं लागतं, नाहीतर ती नुसता फोनही उचलू देत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत आम्ही काकूंना द्यायचं उत्तर तयार केलं. मी काकू झाले, ती बोलली. पहिल्या खेपेला तिने एवढे तांत्रिक शब्द वापरले की मलाच काही कळेना. हळूहळू उत्तर असं झालं: “काकू, या चाचणीने काका बोलायला लागतील असं मी सांगू शकत नाही. हा अभ्यास आहे. त्यांची थेरपी वेगळी आहे आणि तुम्ही यात असा-नसा, ती तशीच चालू राहील. कधीही थांबावंसं वाटलं तर थांबू.”

मग मी विचारलं, काकांना कुणी विचारलं का? संमतीपत्रावर सही काकूंची होती आणि काकांनी मान डोलावली होती. अफेजियात डोलावलेली मान नेहमी होकार असतेच असं नाही. ब्रोका प्रकारात छोटी वाक्यं, सोबत चित्रं आणि पुरेसा वेळ दिला तर पुष्कळांना समजतं. तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा, ‘थांबायचं का?’ आणि ‘चालू ठेवायचं का?’, म्हणजे खरं उत्तर कळतं. सायलीला हे क्लिनिकमध्ये रोज जमत होतं. स्वतःच्या संमतीपत्राला मात्र तिने ते लावलं नव्हतं. तिने चित्रांचं एक पान केलं, त्यात तळहात दाखवून थांबवण्याची खूण ठेवली आणि चाचणी दोन बैठकांत विभागली.

संख्येचा प्रश्न उरला होताच. तो गाइडकडे न्यायचा होता आणि ती गाइडना टाळत होती. मी तिला एकच पान लिहायला लावलं: किती जण झाले, किती बाकी, कोणती अट सैल केली तरी प्रश्न तोच राहतो. ‘फक्त मराठी’ऐवजी ‘मातृभाषा मराठी आणि घरात मुख्यतः मराठी’, बाकीच्या भाषांची नोंद ठेवायची. माणसं कमी असतील तर प्रत्येकाकडून वाक्यं जास्त घ्यायची आणि एकेकाच्या चुका स्वतंत्र तपासायच्या. कमी माणसांचा अभ्यास म्हणजे दुय्यम, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. मी तिला आठवण करून दिली की १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी (ज्यांच्या नावाने हा अफेजिया ओळखला जातो) पहिल्यांदा ज्या रुग्णाचं वर्णन केलं तो लेबोर्न एकटाच होता, जवळजवळ फक्त ‘तान’ एवढंच म्हणू शकणारा. अर्थात संख्या कमी केली की सरसकट सगळ्या रुग्णांबद्दल बोलायचा हक्क जातो, हेही तितकंच खरं. बदललेल्या अटी आणि नवं संमतीपत्र पुन्हा एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्यावं लागलं, आणि त्यात वेळ गेला.

काकूंना तिने फोन केला. त्या थोड्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “आधीच सांगायचं ना गं.” काकांनी स्वतः होकार दिला आणि दुसऱ्या बैठकीत मध्येच तळहात दाखवून थांबवलंही. आणखी एका कुटुंबाने स्पष्ट नकार दिला. सायलीने तो वहीत नोंदवला आणि त्याच दुपारी पुढचा फोन लावला. मला तिची प्रगती दिसली ती या नोंदीत.

तीस जण काही झाले नाहीत. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी संख्येवर विचारलंच, आणि त्याहून जास्त वेळ चित्रांच्या संमतीपत्रावर विचारलं. निष्कर्ष तिचे आहेत, ते तीच प्रसिद्ध करील.

अशीच अडचण घेऊन कुणी येणार असेल तर येताना संपर्काची वही आणा, कोरी असली तरी. आणि मुदतवाढ लागेल असं दिसत असेल तर विभागात अर्जाची शेवटची तारीख माझ्याकडे येण्याआधीच विचारून ठेवा.