'पंक' कोणता? चिखलातला की किंग्ज रोडवरचा?

विचारणा थोडक्यात अशी आहे. मुलीच्या महाविद्यालयात वेशभूषेचा दिवस आहे आणि त्याच्या मराठी सूचनाफलकावर 'पंक लुक' असे लिहिले आहे. वाचणाऱ्या ताईंना प्रश्न पडला, की 'पंकज'मधला जो 'पंक', म्हणजे चिखल, तोच हा का? मळके, फाटके कपडे म्हणून पंक? आणि तसे नसेल तर याला चांगला मराठी शब्द कोणता? जाता जाता त्यांनी हेही विचारले आहे, की 'युथ सबकल्चर'ला 'युवा उपसंस्कृती' म्हणणे बरोबर आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. संस्कृतातला पंक वेगळा आणि इंग्रजीतला पंक वेगळा. देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात इतकेच. आपला पंक तसाही ग्रांथिक शब्द आहे. पावसाळ्यात आपण चिखलात किंवा राड्यात रुततो, 'पंकात' रुतलो असे कोणी म्हणत नाही. पंकज, पंकिल अशा शब्दांतून तो टिकून आहे. टोचण्याचा संबंध जोडून काही जण इंग्रजी पंकाचे नाते 'पंक्चर'शी लावतात, तेही खरे नाही.

तरीही ताईंचा तर्क पुरता वाया गेलेला नाही, कारण इंग्रजी पंकाचा प्रवासही तुच्छतेतूनच झाला आहे. शेक्सपिअरच्या काळी पंक म्हणजे वेश्या. त्याच्या 'मेझर फॉर मेझर' नाटकात एक बाई सांगते, की ती कुमारिका नाही, विधवा नाही आणि विवाहिताही नाही. त्यावर लुशिओ नावाचे टवाळ पात्र म्हणते, मग ती पंक असेल. पुढे अमेरिकेत याच उच्चाराचा एक शब्द भेटतो. त्याचा अर्थ कुजून भुसभुशीत झालेले, ठिणगी धरायला वापरायचे लाकूड. हा तिथल्या मूळ निवासींच्या भाषेतून आला असावा असा अंदाज आहे. हे दोन शब्द एकच की वेगळे, यावर कोशकारांचे एकमत नाही. मात्र विसाव्या शतकात अमेरिकन बोलीत पंक म्हणजे कुचकामी वस्तू, आणि माणसाला लावला तर फालतू, उडाणटप्पू पोर, हा अर्थ पक्का झाला होता. तुरुंगाच्या बोलीत तो याहून हीन होता. दांडग्या कैद्याच्या कह्यात राहणाऱ्या कोवळ्या पोराला पंक म्हणत.

1970 नंतर अमेरिकेतले काही संगीतसमीक्षक ओबडधोबड, गॅरेजमध्ये वाजवल्यासारख्या रॉकला 'पंक' म्हणू लागले. जानेवारी 1976 मध्ये न्यूयॉर्कमध्ये याच नावाचे एक मासिक निघाले आणि शिवी थेट मुखपृष्ठावर आली. ज्यांना पंक म्हणून हिणवले जायचे त्यांनीच ते नाव उचलून छातीवर लावले. मला या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची जागा हीच वाटते. पुढे कपड्यांचे जे झाले ते हेच आहे.

कपड्यांची गोष्ट लंडनची. चेल्सी भागात किंग्ज रोडवर 430 क्रमांकाचे एक दुकान होते. डिझायनर व्हिव्हिएन वेस्टवूड आणि त्यांचा जोडीदार माल्कम मॅक्लारेन यांनी ते 1971 पासून चालवले आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याचे नाव आणि माल दोन्ही बदलले. 1974 मध्ये त्याचे नाव 'सेक्स' झाले, 1976 च्या अखेरीस 'सेडिशनरीज'. हे दुसरे नाव राजद्रोहाच्या इंग्रजी शब्दावरून घडवलेले. टिळकांवरच्या खटल्यांमुळे मराठी माणसाला त्या शब्दाचे वजन वेगळे सांगायला नको. फाटके कपडे पिनांनी जोडायची कल्पना मॅक्लारेनने न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल या गायकाच्या अंगावर पाहिली होती. दुकानाच्या वर्तुळातून 1975 मध्ये 'सेक्स पिस्टल्स' हा वाद्यवृंद उभा राहिला. 1 डिसेंबर 1976 रोजी ही पोरे लंडनच्या दूरचित्रवाणीवर संध्याकाळच्या कार्यक्रमात शिवराळ बोलली आणि दुसऱ्या दिवशी 'डेली मिरर'ने मथळा दिला, 'द फिल्थ अँड द फ्युरी'. फिल्थ म्हणजे घाण. संस्कृत पंकाच्या इतक्या जवळ इंग्रजी पंक दुसऱ्या कुठल्या दिवशी आला नसेल.

आता कपडे जवळून पाहू, कारण नुसते 'फाटके कपडे' म्हटले की त्यातले डोके नजरेतून सुटते. त्या दुकानातली 'बाँडेज', म्हणजे बंधनाची, पँट घ्या. काळे सुती कापड. चेन, म्हणजे झिप, पुढे न थांबता दोन्ही पायांच्या मधून मागे कमरेपर्यंत गेलेली. मांड्यांवर आणखी चेन, त्यांचे काम शून्य. दोन गुडघ्यांना जोडणारा एक पट्टा, त्यामुळे ढांग टाकायची म्हटली तरी पट्टा ताणला जाणार. मागे लंगोटाच्या शेपटासारखा लोंबणारा एक तुकडा. सैनिकाची विजार, वेड्यांच्या इस्पितळातले बंधन आणि बंद दाराआडच्या दुकानात मिळणारे कपडे असे तिन्ही त्या एका पँटमध्ये शिवलेले आहेत. याच दुकानात मलमलीचे सदरे होते. त्यांच्या बाह्या हाताच्या पंज्याखाली लोंबतील इतक्या लांब आणि त्यांना कड्या अडकवलेल्या. मलमल हे आपल्याकडचे नाजूक, उन्हाळ्याचे कापड. ते तिथे वेड्याला बांधून ठेवायच्या अंगरख्याच्या आकारात कापले गेले.

आणि सेफ्टी पिन. आपल्या घरांत ती कुठे असते? आई-मावशीच्या बांगडीला किंवा मंगळसूत्राला दोन-चार पिना अडकवलेल्या असतात. पदर, ब्लाउजचे तुटलेले बटण, पोराच्या सदऱ्याला लावायचा रुमाल, ऐनवेळी निघालेली परकराची नाडी ओवणे, सगळ्याला तीच. इंग्लंडमध्ये ती तेव्हा मुख्यतः तान्ह्या बाळाच्या लंगोटाची. 1849 साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने तिचे पेटंट घेतले. तिची सारी खुबी टोक झाकलेले राहण्यात आहे, कोणाला टोचू नये म्हणून. पंकांनी तीच पिन गालातून, कानातून आरपार घातली. घरातली सर्वांत निरुपद्रवी, आईच्या हातातली वस्तू अंगात रुतलेली पाहून लोक का हादरले, हे बांगडीतली पिन आठवली की मराठी वाचकाला लगेच कळेल. कुत्र्याच्या गळ्यातले पट्टे, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, शाळेच्या गणवेशाचे फाडलेले टाय, सगळ्याची रीत हीच. वस्तू तीच ठेवायची आणि जागा बदलायची.

आपल्याकडे 'टाकाऊतून टिकाऊ' हा घरोघरी रुजलेला मंत्र आहे. जुन्या साडीची गोधडी, पँटची पिशवी. त्यात टाकाऊपण झाकले जाते. पंकांनी टाकाऊ ते टाकाऊ म्हणूनच मिरवले. भोक रफू न करता मोठे केले, शिवण उलटी बाहेर ठेवली. त्या वर्षांत ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर होता आणि शाळा सोडून बाहेर पडलेल्या पोरांना कामच नव्हते. 'लक्तरे वेशीवर टांगणे' हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः लागू होतो. देशाची लक्तरे त्यांनी अंगावर घालून वेशीवर नेली, तीही 1977 मध्ये, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा होत असताना. त्यांनी केलेले सगळेच पटण्यासारखे नव्हते. सुरुवातीला काहींनी नुसत्या धक्क्यासाठी नाझी चिन्हाच्या पट्ट्या दंडावर बांधल्या. ज्यांची माणसे छळछावण्यांत मेली त्यांच्यासाठी तो धक्का नव्हता, ती जखम होती. बंडाच्या नावाखाली त्याचे समर्थन करता येत नाही.

डोक्यावरच्या तुऱ्याबद्दल एक खुलासा. पंक म्हटले की मधोमध उभा रंगीत तुरा डोळ्यांसमोर येतो. पण 1976-77 च्या पोरांचे केस बहुधा आखूड आणि वेडेवाकडे कापलेले असत. साबण, अंड्याचा पांढरा बलक, साखरेचे पाणी लावून ताठ केलेला तुरा सर्रास दिसू लागला तो 1980 च्या आसपास. त्याचे 'मोहॉक' किंवा 'मोहिकन' हे नाव उत्तर अमेरिकेतल्या मूळ निवासींच्या जमातींवरून पडले. मराठीत 'केसांचा कोंबडा काढणे' हा प्रयोग आहे, पण तो कपाळावरच्या फुगीर केसांचा आणि पंकांच्या आधीपासूनचा. दोन्हींची गल्लत नको.

तरुणांच्या अशा टोळ्यांची नावे पाहिली तर बहुतेक बाहेरच्यांनी ठेवलेली दिसतात. 1950 च्या दशकात लंडनच्या कामगार वस्त्यांतली पोरे राजा सातव्या एडवर्डच्या काळाची आठवण देणारे लांब कोट घालू लागली. महायुद्धानंतर उंची शिंप्यांनी ही तऱ्हा श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी पुन्हा आणली होती, ती या पोरांनी उचलली. 1953 मध्ये वृत्तपत्राने 'एडवर्डियन'चे 'टेडी' केले आणि ते 'टेडी बॉइज' झाले. नेटके सूट घालणाऱ्या पोरांचे 'मॉड' हे मात्र 'मॉडर्निस्ट'वरून, त्यांचे त्यांनी घेतलेले नाव. हिप्पी आपल्याला गोव्यामुळे जवळून माहीत. हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या बाजारामुळे आणि केसांमुळे 'हिप्पी कट' हा शब्द महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या केशकर्तनालयांपर्यंत गेला. आणि ताई, चिखलाचा अर्थ तुम्हाला खरोखर जिथे सापडेल तो शब्द 'ग्रंज'. सिअ‍ॅटलच्या संगीतावरून 1990 च्या सुमारास पसरलेला. मूळ अर्थ मळ, घाण. चौकड्यांचे जुने सदरे, ढगळ जीन्स.

कपड्यांच्या या गोष्टीत मुंबईही आहे, पण पंकांच्या फार आधी. 'डंगरी' हा शब्द कोशकार मुंबईतल्या डोंगरीशी जोडतात. तिथून जाणारे जाडेभरडे स्वस्त सुती कापड खलाशी आणि मजुरांचे झाले, मग त्याच नावाची विजार झाली आणि पुढे तरुणांची फॅशन. गरिबाचे कापड वर चढण्याची ही वाट जुनीच आहे.

पंकही त्या वाटेने चढला, आणि विलक्षण वेगाने. 1977 मध्येच झँड्रा ऱ्होड्स या डिझायनरने मण्यांनी मढवलेल्या सेफ्टी पिनांचे उंची पोशाख काढले. 1994 मध्ये अभिनेत्री एलिझाबेथ हर्लीने व्हर्साचे या महागड्या फॅशन कंपनीचा सोनेरी पिनांचा काळा पोशाख घातला. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पंक पोशाखांचे प्रदर्शन भरले. वेस्टवूड आणि मॅक्लारेन यांचा मुलगा जो कोरे याने 26 नोव्हेंबर 2016 रोजी थेम्स नदीत होडीवर पंक काळातल्या आपल्या संग्रहाची होळी केली. त्याने सांगितलेली किंमत होती 50 लाख पौंड. पंकचे संग्रहालय होऊ नये म्हणून त्याने तसे केले. मला ती कृती पटते असे नाही. कापड जळले की त्याची शिवण पुन्हा पाहता येत नाही. पण त्याचा संताप समजतो.

आता मराठी प्रतिशब्द. अमेरिकन बोलीतल्या जुन्या अर्थासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही: टारगट, उडाणटप्पू, वाह्यात, मवाली, टपोरी. यांतला टपोरी सर्वांत जवळचा, कारण त्यात चालण्या-बोलण्याबरोबर पेहरावही येतो. तरी यांपैकी एकही शब्द 'पंक फॅशन'साठी चालणार नाही, कारण पंक म्हणवून घेणारा माणूस तो शब्द अभिमानाने घेतो. टपोरीपणाचा जाहीरनामा कोणी काढलेला नाही.

आज या शब्दाची सर्वांत जवळची बहीण आहे 'छपरी'. रंगवलेले केस, घट्ट जीन्स, दुचाकीवर रील काढणारी पोरे दिसली की हा शब्द फेकला जातो. तो छप्परबंद समाजाच्या नावावरून आला असे सांगितले जाते. महाराष्ट्रात या समाजाची गणना विमुक्त जातींमध्ये होते. ही व्युत्पत्ती मानली नाही तरी शब्दाचा रोख कोणावर आहे हे ऐकताच कळते. तो खालच्या थरातल्या पोराने केलेल्या नटण्यावर आहे. तेच केस महागड्या सलूनमध्ये रंगवले तर हा शब्द येत नाही. म्हणून पंकचा अनुवाद म्हणून 'छपरी' कोणी सुचवला तर माझा ठाम विरोध आहे. लंडनच्या पोरांनी आपली शिवी स्वतः उचलली. ही शिवी अजून दुसऱ्यांच्याच तोंडी आहे.

'उपसंस्कृती' खुशाल वापरा. 'उप' म्हटले की हलके, असे मनात आणायचे कारण नाही. उपनदी, उपनिषद, उपवास यांत 'उप' म्हणजे जवळ किंवा सोबत. मोठ्या संस्कृतीत राहून आपली वेगळी खूण जपणारा गट असा अर्थ त्यातून नीट निघतो. 1964 मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्रात स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या अर्थाने टेडी, मॉड आणि डोके भादरलेले स्किनहेड यांचा अभ्यास केला, तोही याच्या जवळ जातो. जिथे प्रस्थापित जीवनपद्धतीच नाकारून वेगळी उभारण्याचा दावा असेल, जसा हिप्पींचा, तिथे 'प्रतिसंस्कृती' जास्त नेमका. 'युवा'पेक्षा मला 'तरुणांच्या उपसंस्कृती' हे बोलीला जवळचे वाटते.

फलकावर 'पंक लुक'ऐवजी 'पंक पेहराव' लिहावे. 'पंक' तसाच ठेवावा, कारण तो आता विशेषनाम झाला आहे. अनेकवचन 'पंक'च, सामान्यरूप 'पंकांनी', 'पंकांचे'. कंसात 'चिखल' देऊ नये. जागा असेल तर खाली एक ओळ घालता येईल: '1970 च्या दशकात लंडन-न्यूयॉर्कच्या तरुणांनी रूढ केलेला बंडखोर पेहराव.' मुलीने पिना लावायच्या ठरवल्या तर त्या कापडाला लावाव्यात, गालाला नको.