बदामीत पाऊस झाला असेल तर दोर बांधू नका

नागपूरहून गाडीने निघून पाच दिवसांत हंपी आणि बदामी या दोन्ही ठिकाणी प्रस्तरारोहण होईल का आणि दोर किती लांबीचा न्यावा, असे आपण विचारले आहे. दोर ६० मीटरचा न्यावा. पाच दिवस मात्र पुरणार नाहीत, कारण हैदराबादमार्गे जाण्यायेण्यातच जवळजवळ तीन दिवस जातात.

मी पांढरकवड्याजवळच्या खेड्यात राहतो. कापसाची पहिली वेचणी आटोपून मी आणि माझा थोरला आतेभाऊ बदामीला पोहोचलो, त्याच रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी ऊन पडले आणि कातळ वरून कोरडा दिसू लागला. दोन दिवस थांबू, असे मी सुचवले. "एवढे डिझेल जाळून झोपायला आलो का?" असे भाऊंनी विचारले आणि मी गप्प बसलो. आम्ही दोघेही गावामागच्या बंद गिट्टीखाणीत चढायला शिकलो होतो. तिथला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो ओला असताना निसरडा होतो, पण वाळला की पूर्वीइतकाच भक्कम असतो. बदामीचा तांबडा वालुकाश्म तसा नाही. त्यातील वाळूचे कण धरून ठेवणारा बंध पाण्याने दुबळा होतो आणि वरचा थर सुकला तरी ओल आत राहते. दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेल्या खिळ्यांपैकी (बोल्ट) तिसऱ्याच्या वर भाऊंच्या हातातील पकड, म्हणजे धरायचा दगडी उंचवटा, पापुद्र्यासारखी निघून आली. दोराने त्यांना धरले, पण पाय कातळावर आपटून घोटा मोडला.

ती पकड मुळातच कच्ची होती, असे भाऊ आजही सांगतात. असेलही, पण दोन दिवस थांबलो असतो तर ती कदाचित टिकली असती आणि आमच्यामागून येणाऱ्यांनाही मिळाली असती. तुटलेली पकड पुन्हा उगवत नाही, हे भाऊंनी एकदा मान्य करावे, एवढीच माझी इच्छा आहे.

तर, पाचच दिवस आहेत म्हणून दोहोंपैकी एकच ठिकाण निवडा. बदामीत पाऊस झालाच, तर सुमारे १४० किलोमीटरवरील हंपीला निघून जा. तिथला ग्रॅनाइट वाळला की चढता येतो. तिथे मुख्यतः मोठ्या धोंड्यांवर चढाई होते, त्यामुळे दोराऐवजी क्रॅश पॅड, म्हणजे पडल्यास लागू नये म्हणून खाली अंथरायची जाड गादी, लागेल. डिसेंबर-जानेवारीत जावे. संरक्षित मंदिरे आणि लेणी यांच्या दगडांना हात लावू नये, आग्यामोहोळ दिसल्यास तो कडा सोडून द्यावा, आणि दोर सांभाळणारा सोबती शिकलेला असावा. शिवाय तो "आज नको" म्हणाला, तर त्याचे ऐकावे.