सभागृहातील वेळ : पक्षाचा की मतदारसंघाचा?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमचा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरण्याचा व्यवसाय आहे. पर्ससीन जाळ्यांवरील (माशांच्या थव्याला घेरून धरणारी मोठी जाळी) चर्चेचे थेट प्रक्षेपण आम्ही पाहिले. कोकणातील एका आमदारांनी विषयाला हात घातला, तोच वेळ संपल्याची घंटा वाजली. ज्यांच्या मतदारसंघाला समुद्रच नाही, असे दुसरे सदस्य मात्र बराच वेळ बोलले. हा वेळ कोण ठरवतो? (एक वाचक, देवगड)

उत्तर : विधानसभेतील चर्चेचा वेळ मतदारसंघाला मिळत नाही, तो पक्षाला मिळतो, आपल्याला जे खटकले त्याचे मूळ येथे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०८ नुसार विधिमंडळाची सभागृहे आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करतात. कोणत्या विधेयकाला वा प्रस्तावाला किती तास द्यायचे, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते; विधानसभेत तिचे प्रमुख अध्यक्ष असतात आणि प्रमुख पक्षांचे नेते तिच्यात बसतात. त्यानंतर हे तास पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात.

समजा, एखाद्या चर्चेला पाच तास, म्हणजे ३०० मिनिटे मिळाली. सदस्य २८८, तेव्हा माणशी मिनिटभराहून किंचित अधिक. वीस आमदारांच्या पक्षाच्या पदरात सुमारे एकवीस मिनिटे पडतात. त्यातील बारा मिनिटे गटनेत्यानेच घेतली, तर उरलेल्या नऊ मिनिटांत तिघाचौघांची बोळवण करावी लागते. वक्त्यांची नावे पक्षाकडून अध्यक्षांकडे जातात, आणि यादीच्या तळाशी असलेल्या सदस्याचे ‘अध्यक्ष महोदय’ म्हणून होते न होते, तोच घंटा वाजते. रत्नागिरीतील पाच आणि सिंधुदुर्गातील तीन असे आठ आमदार एका पक्षाचे असोत वा चार पक्षांचे, किनाऱ्यासाठी म्हणून वेगळा वेळ राखलेला नसतो. मासेमारीच्या चर्चेत आपल्या आमदारांचे नाव यादीत वर यावे, यासाठीची खटपट पक्षाच्या बैठकीतच करावी लागते, आणि माझ्या मते मच्छीमार संस्थांनी निवेदन द्यायचे ते अधिवेशन सुरू होण्यापूर्वी, प्रतोदांनाही (सभागृहात पक्षाच्या सदस्यांची शिस्त सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्यांना) द्यावे.

अध्यक्ष या हिशेबाने अगदी मिनिटामिनिटाला बांधलेले नसतात. एकांड्या अपक्षालाही दोन शब्द बोलू देणे, विषयाचा जाणकार सदस्य असेल तर थोडी ढील देणे, हे त्यांच्या हाती असते.

शिवाय संख्याबळाच्या वाटपाबाहेरचेही मार्ग आहेत. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित होईपर्यंत राजापूरचे खासदार होते. १९६२ च्या निवडणुकीत त्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाला लोकसभेत अवघ्या १२ जागा मिळाल्या. एवढ्या पक्षाच्या वाट्याला कोणत्याही चर्चेत किती मिनिटे येणार, हे उघड आहे. संसदेला मूलभूत हक्कांत कपात करता येणार नाही, असा गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यानंतर १९६७ मध्ये त्यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले) मांडले आणि ते संयुक्त समितीकडे गेले. विधेयक मांडणाऱ्याला सुरुवातीचे भाषण आणि शेवटी उत्तर देण्याचा हक्क मिळतो, तो मांडणारा म्हणून. पक्ष लहान की मोठा, याच्याशी त्याचा संबंध नसतो. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशा कामकाजासाठी असतात.

विधानसभेत आपल्या आमदारांना तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) आणि अर्धा तास चर्चा ही साधने आहेत. लक्षवेधी स्वीकारली गेली, तर मंत्र्यांना त्याच विषयावर निवेदन करावे लागते आणि सूचना देणाऱ्या सदस्याला प्रश्न विचारता येतात. पाच तासांच्या चर्चेत यादीच्या तळाशी मिळालेल्या दोन मिनिटांपेक्षा रापणकारांना याचा उपयोग अधिक.

प्रश्न : घंटा वाजल्यावरही सदस्य बोलत राहिले, तर ते कामकाजाच्या नोंदीत येते काय? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : अध्यक्षांनी ‘हे नोंदवू नये’ असे सांगितल्यास येत नाही. लोकसभेत वेळ अपुरा पडल्यास अध्यक्षांच्या परवानगीने लेखी भाषण पटलावर ठेवता येते व ते नोंदीत समाविष्ट होते. मात्र मंत्र्यांना समोरासमोर अडवून प्रश्न विचारण्याची संधी त्यात मिळत नाही.